खाऱ्या पाण्यातून आलेली चाकं : बोट ट्रेलरविषयी वाचकांचे प्रश्न

बोट ट्रेलरच्या चाकांबद्दल आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत रिमची चमक गेल्याची तक्रार आहे. चमक परत आणता येते, आणि ती कशी आणायची तेही पुढे सांगितलं आहे. पण चाक निकामी होतं ते मागच्या बाजूने, नटांच्या बैठकीत (नट रिमवर जिथे टेकतात त्या जागी) आणि हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या फिरत्या भागाच्या, आत. म्हणून उत्तरांत जास्त जागा त्या भागांना दिली आहे.

प्रश्न : बोट समुद्रातून काढली की घरी येऊन दर वेळी ट्रेलर पाइपने धुतो. तरी दोन हंगामांत रिमच्या आतल्या बाजूला गंजाचे पोपडे धरले. धुण्यात काय राहून जातं?

दोन गोष्टी राहून जातात : वेळ आणि मागची बाजू. वाटेत वाऱ्याने पाणी उडून जातं, मीठ मात्र रिमवरच राहतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतली ओल खेचून घेतात. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा रिम मिठाच्या थराखाली ओलाच असतो आणि गंजण्याचं काम चालू राहतं. बोट पाण्यात उतरवायच्या उताराजवळ गोडं पाणी मिळत असेल तर पहिला मारा तिथेच करावा. नीट धुणं घरी आल्यावर केलं तरी चालेल.

धुण्याला चाक थंड झाल्यावरच हात घालावा. तापलेल्या धातूवर साबण पडल्यापडल्या सुकतो आणि त्याचे डाग बसतात. आधी आतली बाजू घ्या. ट्रेलरखाली पाइप घालून रिमच्या पिंपासारख्या पोकळ भागात, हबच्या मागे आणि ब्रेक असतील तर त्यांच्या मागच्या पत्र्यावर भरपूर पाणी सोडा. जोर नको, पाणी जास्त हवं. एका चाकाला तीन-चार मिनिटं द्यावीत. मग ट्रेलर चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतका पुढे ढकला आणि तेच पुन्हा करा. रिमच्या खालच्या कडेत साठलेलं खारट पाणी आणि वाळू चाक फिरवल्याशिवाय बाहेर येत नाही. ही एक पायरी जवळजवळ प्रत्येकाच्या हातून सुटते, आणि तुमचे पोपडे नेमके तिथलेच असावेत.

त्यानंतर गाडीचा सौम्य शाम्पू बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात बादलीत कालवून लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने आतून-बाहेरून घासा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. भांडी घासायचा द्रव साबण शक्यतो वापरू नका. तो दाट करण्यासाठी बऱ्याचदा त्यात मीठच घातलेलं असतं, आणि तो रिमवरचं मेणही काढून टाकतो. रिमवर शोभेची कडी किंवा झाकणं असतील तर ती महिन्यातून एकदा तरी उतरवा. त्यांच्यामागे मीठ आणि वाळू दडून बसते. शेवटी रिमची भोकं चिखलाने बुजलेली नाहीत ना ते पाहून चाक फडक्याने पुसा.

प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर पसरट फवाऱ्याचं तोंड लावा आणि किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. हबचं मागचं ऑइल सील, पुढची टोपी, टायरचा व्हॉल्व्ह आणि टायरची बाजू यांवर तो कधीही थेट धरू नका. सीलचा ओठ आतलं ग्रीस अडवून धरण्यासाठी असतो, बाहेरून येणारी धार त्याला पेलत नाही.

प्रश्न : मिश्रधातूच्या रिमसाठी म्हणून घेतलेल्या व्हील क्लीनरने माझे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) रिम काळपट झाले. आता काय करावं, आणि पुढे काय वापरावं?

जस्त आणि ॲल्युमिनियम या दोन्ही धातूंची एक अडचण सारखी आहे. त्यांना आम्लही खातं आणि तीव्र अल्कलीही खाते. ब्रेकची काळी भुकटी काढणारे बरेच क्लीनर आम्लयुक्त असतात. ते गाडीच्या लॅकर (पारदर्शक रंग) लावलेल्या रिमवर थोडा वेळ चालून जातात, कारण मध्ये लॅकरचा थर असतो. गॅल्व्हनाइज्ड रिमवर असा थर नसतो, आम्ल थेट जस्तावर पडतं. तुमच्या रिमवरचं जे जस्त गेलं ते गेलं. मात्र लाल गंज दिसत नसेल तर खाली थर अजून शाबूत आहे. भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करा आणि उघड्या हवेत राहू द्या. काळपटपणा घासून काढायच्या मागे लागू नका, त्यात उरलेलं जस्तही जाईल. काही महिन्यांत त्यावर एकसारखी राखाडी साय धरते. तीच जस्ताचं रक्षण करते, ती खरवडायची नसते.

क्लीनर घेण्याआधी रिम कशाचा आहे ते ओळखा. लोहचुंबक चिकटत नसेल तर रिम ॲल्युमिनियमचा (क्वचित स्टेनलेसचा) आहे. चिकटत असेल तर पोलादाचा. त्यातही राखाडी, अभ्रकासारख्या ठिपक्यांचा पृष्ठभाग म्हणजे गॅल्व्हनाइज्ड, एकसारखा रंग म्हणजे रंगवलेला, आरशासारखा म्हणजे क्रोमचा. गॅल्व्हनाइज्ड आणि उघड्या ॲल्युमिनियमवर पीएच उदासीन असलेला, म्हणजे ७ च्या आसपासचा क्लीनरच वापरा. व्हिनेगर, कपडे पांढरे करायचं ब्लीच, कॉस्टिक सोडा असलेले तेलकटपणा काढणारे द्रव आणि ओव्हन क्लीनर या चाकांपासून लांब ठेवा. ज्या क्लीनरच्या लेबलवर हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड लिहिलेलं असेल तो घरात आणूच नका. तो त्वचेतून आत शिरून खोल इजा करतो, आणि सुरुवातीला वेदना जाणवतीलच असं नाही.

तारेची काथ्यासारखी लोखंडी घासणीसुद्धा नको. तिचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये आणि स्टेनलेसमध्ये रुतून बसतात, आणि पुढच्या ओलीत तेच गंजून रिमवर तपकिरी ठिपके उमटतात. नायलॉनची घासणी पुरते.

गॅल्व्हनाइज्ड रिमवर पांढरी भुकटी धरली असेल तर ती ओल कोंडल्याची खूण आहे. सुक्या नायलॉन ब्रशने ती झाडा आणि हवा खेळती ठेवा. लाल गंज दिसला तर तेवढाच भाग चकाकता धातू लागेपर्यंत घासा, थिनरने पुसा आणि जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या. साधा चंदेरी स्प्रे दिसायला तसाच दिसतो, पण तो जस्तासारखं संरक्षण देत नाही.

प्रश्न : ॲल्युमिनियम रिमच्या लॅकरखाली किड्याने पोखरल्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरत आहेत. पॉलिश लावून जातील का?

नाही, कारण पॉलिश लॅकरच्या वर राहतं आणि गंज खाली आहे. दगड लागून टवका उडाला की तिथून क्षार आत शिरतात आणि लॅकर व धातू यांच्यामधून धाग्यासारखे पुढे सरकतात. रेषा एक-दोनच असतील तर रेषेच्या टोकापलीकडे सेंटिमीटरभर अंतरापर्यंत लॅकर काढा. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करून पांढरी भुकटी पूर्ण जाईपर्यंत घासा, पुढे ६०० आणि ८०० ने कडा मिळवून घ्या. धुऊन वाळवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. त्याच दिवशी ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर आणि त्यावर लॅकर मारा. उघडा धातू रात्रभर दमट हवेत ठेवून दुसऱ्या दिवशी रंगवला तर रेषा परत येतात.

सगळा रिमच पोखरला असेल तर लॅकर पूर्ण उतरवून रिम उघडाच ठेवणं आमच्या मते जास्त बरं. उघडा ॲल्युमिनियम १००० नंबरपर्यंत घासून धातूच्या पॉलिशने चकचकीत करता येतो आणि दर दोन महिन्यांनी मेण लावून राखता येतो. मेहनत वाढते, पण गंज लपून राहत नाही. लॅकर काढणारा द्रव निवडताना तो कॉस्टिक नसल्याची खात्री करा.

प्रश्न : पंक्चर काढायला सगळे नट काढले, तरी चाक हबवरून सुटेना. चाक ॲल्युमिनियमचं, हब पोलादाचा. हे का होतं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय लावावं?

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, एवढ्यावर विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं, आणि झिजेतून तयार होणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. हबच्या मधल्या उंचवट्याभोवती, जिथे रिमचं मधलं भोक घट्ट बसतं, तिथे ही भुकटी दाटून पाचरीचं काम करते.

सोडवताना ट्रेलर गाडीला जोडलेला असू द्या, पलीकडच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावा आणि जॅकबरोबर स्टँडही ठेवा. नट पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे राहतील इतकेच सैल करा, म्हणजे चाक एकदम सुटलं तरी अंगावर येणार नाही. मधल्या भोकाच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडा आणि अर्धा तास थांबा. मग आतल्या बाजूने टायरच्या बाजूवर लाकडी ठोकळा धरून हातोडीने ठोका. एकाच जागी ठोकू नका, चाक पाव-पाव फिरवत चारी बाजूंनी ठोका. रिमच्या कडेवर थेट घाव घातला तर ती वाकते किंवा तडकते. आग किंवा हीट गन अजिबात वापरायची नाही. हबमधलं ग्रीस आणि सील जळतात, आणि हवा भरलेला टायर तापून फुटू शकतो.

चाक निघालं की हबचा उंचवटा आणि रिमचं भोक तारेच्या ब्रशने साफ करा (ॲल्युमिनियमच्या बाजूला स्टेनलेस तारेचा ब्रश घ्या). त्या उंचवट्याच्या कडेवर अँटी-सीझचा (धातू एकमेकांत अडकू न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात फिरवा. फक्त तिथेच. रिम आणि हब जिथे सपाट टेकतात तिथे नको, नटांच्या निमुळत्या बैठकीवर नको आणि स्टडच्या (नट ज्यावर फिरतो त्या खिळीच्या) आट्यांवरही नको.

स्टडला ग्रीस लावण्याचा मोह अनेकांना होतो, म्हणून कारण सांगतो. टॉर्कचे, म्हणजे नट आवळण्याच्या जोराचे, आकडे साधारणपणे कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी दिलेले असतात. आटे ओशट असले की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला स्टडवर खूप जास्त ताण येतो. स्टड ताणला जातो आणि पुढे कधीतरी तुटतो. उत्पादकाने वंगण लावायला सांगितलं असेल तर त्याने त्यासाठी दिलेला आकडाच वापरावा.

बसवताना नट हाताने लावा आणि आधी एक, मग त्याच्या समोरचा अशा क्रमाने तीन टप्प्यांत आवळा. अर्ध्या इंची स्टडसाठी शेवटचा टॉर्क सामान्यतः १२० ते १६० न्यूटन-मीटर असतो. ट्रेलरच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. पहिला टप्पा साधारण ३०, दुसरा ७०, तिसरा पूर्ण. चाक काढून बसवल्यावर १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

रिम रंगवून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं : टेकणाऱ्या सपाट भागावर आणि नटांच्या बैठकीत रंगाचा जाड थर राहिला तर प्रवासात तो चेपतो, नटांची पकड ढिली पडते आणि स्टडची भोकं लांबट होतात. लांबट भोकाचा रिम दुरुस्त करत बसू नका, बदला.

प्रश्न : हबच्या टोपीत पाहिलं तर ग्रीस दुधासारखं पांढरट दिसतं. आणखी ग्रीस भरलं तर चालेल का?

पांढरट ग्रीस म्हणजे पाणी आत गेलं आहे. वरून नवीन भरल्याने ते पाणी बाहेर येत नाही. तुमच्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे बारीक खड्डे पडायला सुरुवात झाली असण्याची शक्यता आहे. हब उघडावाच लागेल.

पाणी शिरण्याचं नेहमीचं कारण असं. रस्त्यावर धावून हब तापतो, आतली हवाही तापते. त्याच अवस्थेत ट्रेलर थंड पाण्यात उतरवला की हबमधली हवा झटकन आकसते, आत पोकळी तयार होते आणि मागच्या सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. सील थोडं जरी झिजलेलं असेल तरी एवढं पुरतं. म्हणून उतारावर पोचल्यावर हबला हात लावून पाहा. गरम लागला तर वीस-तीस मिनिटं थांबा. बोटीचे पट्टे सोडणं, सामान चढवणं, प्लग तपासणं ही कामं त्या वेळात उरकतात.

हब उघडल्यावर स्प्लिट पिन आणि कॅसल नट काढा, बाहेरचं बेअरिंग काढा आणि हब सरळ ओढून घ्या. मागचं सील उचकटून टाका, ते परत वापरायचं नसतं. दोन्ही बेअरिंग आणि हबमधल्या रेस (रोलर ज्यांवर फिरतात ती कडी) रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. हवेच्या दाबाने बेअरिंग भिरभिरवू नका, रोलर सुटून अंगावर येऊ शकतात. उजेडात रोलर पाहा. खड्डे, निळसर झाक किंवा नखाला लागणारी रेघ दिसली तर बेअरिंग आणि रेस जोडीनेच बदला. जुन्या रेसमध्ये नवं बेअरिंग टिकत नाही. स्पिंडलवर (हब ज्यावर फिरतो त्या दांड्यावर) जिथे सील टेकतं तिथे चरा पडला असेल तर नवं सीलही गळेल. तो भाग बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, चरा खोल असेल तर दुरुस्तीची बाही बसवून घ्या.

ग्रीस पाण्यात टिकणारं, बोट ट्रेलरसाठीचं घ्या, एनएलजीआय २ (ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) दर्जाचं. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा. दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस वर यायला लागलं की त्या जागी भरलं. असं पूर्ण वर्तुळ करा. लिथियमचं आणि पॉलियुरियाचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका. बहुतेकदा मिश्रण पातळ होऊन वाहून जातं. आधीचं कोणतं होतं ते माहीत नसेल तर सगळं धुऊन काढा.

नट आवळताना हब हाताने फिरवत राहा आणि बेअरिंग नीट बसेपर्यंत, साधारण ७० न्यूटन-मीटरपर्यंत, घट्ट करा. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करा आणि फक्त बोटांनी टेकेपर्यंत आणा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवा, घट्ट करून नव्हे. हब धरून ओढल्यावर अगदी जाणवेल न जाणवेल इतकाच खेळ हवा. नवीन स्प्लिट पिन घाला. घट्ट बेअरिंग तापून जळतं, फार सैल असेल तर चाक डुलतं आणि सील लवकर जातं. ही पद्धत नेहमीच्या कॅसल नटाची आहे. तुमच्या स्पिंडलवर वेगळ्या प्रकारचा नट असेल तर पुस्तिकेप्रमाणे करा.

स्प्रिंग असलेल्या ग्रीसच्या टोप्या बसवल्या असतील तर त्यांत हातपंपाने हळू भरा आणि आतली चकती किंचित पुढे सरकली की थांबा. जास्तीचा दाब मागचं सील बाहेर ढकलतो आणि ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जातं. या टोप्या असल्या तरी वर्षातून एकदा किंवा १९,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, हब उघडून पाहायचाच. बुडणाऱ्या ट्रेलरसाठी वर्षाचीच मुदत खरी.

प्रश्न : टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण बाजूला बारीक भेगा पडल्या. चमक आणणारं द्रव लावलं तर थांबतील का?

थांबणार नाहीत. टायरच्या रबरात ओझोनपासून वाचवणारी मेणं आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती पृष्ठभागावर येतात. बोट ट्रेलर वर्षातला बराच काळ उभाच असतो, त्यामुळे मेण वर येत नाही आणि ऊन-हवा रबर कोरडं करतात. म्हणून ट्रेलरचे टायर नक्षी झिजण्याआधी वयाने जातात. खनिज तेलाच्या द्रावकाचं चमक-द्रव ही मेणं विरघळवून नुकसान वाढवतं. लावायचंच असेल तर पाण्याच्या पायावरचं लावा. धुताना टायरला तपकिरी रंग सुटतो म्हणून दर वेळी खरखरीत ब्रशने घासण्याचंही कारण नाही, ते संरक्षक द्रव्यच आहे.

वय पाहायला टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, टायर बदलावा. भेगेत आतले धागे दिसले किंवा बाजूला फुगा आला तर वय न पाहता त्याच दिवशी काढावा. खास ट्रेलरच्या टायरमध्ये हवा साधारणपणे बाजूवर छापलेल्या कमाल दाबाइतकी भरतात, आणि दाब निघण्याआधी, टायर थंड असताना मोजतात. कमी हवेवर धावलेला टायर आतून तापतो आणि रस्त्यात सोलून निघतो.

प्रश्न : एकाच चाकाची हवा आठवड्याला थोडी उतरते. पंक्चर सापडत नाही.

साबणाचं पाणी रिम आणि टायर यांच्या सांध्यावर, दोन्ही बाजूंनी ओता. बहुधा आतल्या सांध्यावर बुडबुडे येतील. तिथे गंज उचलला गेला की रबर नीट टेकत नाही. टायर उतरवून रिमची ती बैठक चकाकेपर्यंत साफ करून घ्या, पोलादी रिम असेल तर पातळ प्रायमर द्या आणि टायर बसवताना बीड सीलर (टायरची कड रिमला हवाबंद बसवणारा लेप) लावून घ्या. रबरी व्हॉल्व्हही त्याच वेळी बदला.

प्रश्न : आम्ही फक्त तलावात बोट नेतो. मग इतकं धुण्याची गरज आहे का?

मिठाची काळजी नाही, पण पाणी हबमध्ये तसंच शिरतं. त्यामुळे बेअरिंगचं वेळापत्रक तेच. शिवाय चाकांवरचा चिखल आणि शेवाळ यांतून एका तलावातल्या वनस्पती आणि शिंपल्यांची पिल्लं दुसऱ्या तलावात जातात. पाण्यातून बाहेर काढल्याकाढल्या चाकांमागचा चिखल तिथेच काढून टाका. दुसऱ्या तलावात नेण्याआधी ट्रेलर पाच दिवस तरी पूर्ण कोरडा राहू द्या. साबणाचं पाणी तलावाकडे वाहील अशा जागी धुऊ नका.

प्रश्न : सहा महिने ट्रेलर उभा राहणार आहे. चाकांचं काय करावं?

ठेवण्याआधी हबमध्ये नवीन ग्रीस भरा, पुढचा हंगाम सुरू होताना नव्हे. ओल शिरलेलं ग्रीस सहा महिने तसंच राहिलं तर रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच गंजाचे पट्टे उमटतात. चाकं धुऊन पूर्ण वाळवा आणि रंगवलेल्या व ॲल्युमिनियमच्या रिमला मेण लावा. शक्य असेल तर ट्रेलर स्टँडवर घेऊन चाकं जमिनीपासून उचला. तसं करता येत नसेल तर टायरखाली प्लायवूडचा तुकडा घाला, हवा पूर्ण ठेवा आणि महिन्यातून एकदा चाक पाव फेरा फिरवा. टायरवर पांढरी, उन्हाला दाद न देणारी आवरणं घाला, खालून हवा खेळेल अशी.

पार्किंग ब्रेक ओढून ठेवू नका. लायनर ड्रमला गंजाने चिकटतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी चाक फिरतच नाही. त्याऐवजी दोन्ही बाजूंना ठोकळे लावा. ड्रम ब्रेक असतील तर ठेवण्याआधी ड्रमच्या आतूनही गोडं पाणी सोडा. मागच्या पत्र्यावर पाइप जोडायची तोटी बसवून घेतली की हे काम चाक न काढता होतं. धुतल्यावर ट्रेलर थोडा ओढून हलका ब्रेक लावा, म्हणजे आतली ओल उडून जाईल.

स्टेपनीही उतरवून धुवा. तिच्या कंसाचं कुलूप आणि नट खाऱ्या पाण्यात सर्वांत आधी जाम होतात. तिच्यातही इतर टायरइतकीच हवा भरा आणि तिचे नट सोडवायला लागणारा पाना ट्रेलरबरोबरच ठेवा. गाडीचा पाना तिला बसेलच असं नाही.